पोच घेतली का?

अर्धा लिटर दूध कुणी घातलं तरी मी त्याला पावती देते. फॅट, एसएनएफ, दर, रक्कम, सगळं छापून. वीस वर्षं आमचं दूध संकलन केंद्र मी चालवते आहे, दर दहा दिवसांचं पेमेंट वेळेवर करते आणि आजवर एका पैशाची तक्रार आलेली नाही. हे आधीच सांगते, कारण गावात अजून बोललं जातं की आईला हिशोब कळत नव्हता म्हणून पोरीचं नुकसान झालं. मला हिशोब चांगला कळतो. ज्या माणसाकडून पावती मागायला हवी होती, त्याच्याकडून मागायला मी लाजले, एवढीच माझी चूक. त्या लाजण्याची किंमत माझ्या लेकीने मोजली.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठावर. पलीकडे दौंड तालुका, तिकडे माझं माहेर. पारगावचा पूल ओलांडला की खासदार बदलतो: अलीकडे शिरूर लोकसभा, पलीकडे बारामती. बाकी दोन्हीकडे तेच. ऊस, गुऱ्हाळं, दूध, पतसंस्था, कारखान्याची निवडणूक, सोसायटीची निवडणूक, आणि पारावर बसून त्याच त्या निवडणुकांची चर्चा. २०१९ च्या विधानसभेला दौंडचा निकाल ७४६ मतांनी लागला. दिवाळीच्या तोंडावर मोजणी होती आणि लेक मामाकडे होती. फेरी-फेरीचे आकडे ती वहीत उतरवून घेत होती. रात्री फोनवर म्हणाली, "आई, ७४६ म्हणजे आपल्या गावातले दोन वॉर्ड. दोन वॉर्डांवर आमदार ठरतो." त्या दिवशी मला कळलं की हे खूळ नाही. या पोरीला खरंच त्यातच जायचं आहे.

तसं ती सातवीपासून सांगायची. बाकीच्या पोरी डॉक्टर, कलेक्टर म्हणायच्या, ही आमदार म्हणायची. नातेवाईक हसायचे. तिचे वडील म्हणायचे, आपल्या घरात कुणी ग्रामपंचायतीचा शिपाईसुद्धा झाला नाही. मी मात्र तिला कधी अडवलं नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. त्या जागांवर बसायला कुणाची तरी लेक लागणारच, मग माझी का नको?

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडस आणि वाळकीच्या मध्ये भीमेला मिळते. तिथून खालच्या आम्हा सगळ्यांच्या वाट्याला ते पाणी आणि जलपर्णी येते. गावातला पाण्याचा फिल्टर आठ महिने बंद होता. तिने विचारलं, दुरुस्तीसाठी पैसे कोणत्या खात्यातून खर्च झाले आणि त्याचा ठराव कुठे आहे? सभेत चिडीचूप झालं. तीन आठवड्यांत फिल्टर सुरू झाला. आणि त्यानंतर आमच्या घरी पुढाऱ्यांची चहाला ये-जा सुरू झाली.

त्यांतल्या एकांचं नाव मी लिहिणार नाही. गाव त्यांना नेते म्हणतं, मीही तेच म्हणते. ते आले, ओट्यावर बसले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, पोर आपली आहे. तिला मोठं करायची जबाबदारी माझी." हा शब्द त्यांनी मला दिला. त्यानंतर दोन वर्षं लेक त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला भाषण करायची. हळदी-कुंकू असो, वाढदिवस असो, रस्त्याचं भूमिपूजन असो. माईक तिच्या हातात आणि फोटो त्यांचा.

२०२१ च्या जानेवारीत ग्रामपंचायत लागली. फॉर्म भरायची मुदत २३ ते ३० डिसेंबर. ऑनलाइन साइट चालेना, शेवटच्या दिवशी कागदावर फॉर्म घेतले, संध्याकाळी साडेपाचपर्यंत रांगा होत्या. लेक बावीस वर्षांची, सर्वसाधारण महिला जागा. त्या वेळी सरपंचाची सोडत निवडणुकीनंतर होणार होती, म्हणून नेते म्हणाले, "बाई निघाली तर हीच सरपंच." आमच्या घरात त्या रात्री कुणी झोपलं नाही.

मग पॅनलचा निधी आला. प्रत्येक उमेदवाराने एक लाख वीस हजार. अकरा सदस्यांच्या गावात सदस्याला कायद्याने पस्तीस हजारांची मर्यादा. मी विचारलं, बाकीचे कशाला? म्हणाले, पॅनलचा खर्च एकत्र असतो, तुमच्या नावावर पडत नाही. मी पाटल्या गहाण ठेवल्या आणि रोख पैसे नेऊन दिले. माझा थोरला भाऊ दौंडला रेल्वेत होता, आयुष्य सगळं रजिस्टर आणि सह्या यात गेलं. त्याने फोनवर एकच विचारलं, "पोच घेतली का?" मी त्याच्यावर चिडले. म्हटलं, दादा, लग्नाला गेल्यावर आहेराची पोच मागतोस का तू? तो काही बोलला नाही.

१५ जानेवारीला मतदान झालं, १८ ला मोजणी. लेक नऊ मतांनी पडली. पॅनल आलं, ती पडली. नेत्यांच्या सूनबाई निवडून आल्या. हारजीत असते, तिने ते चांगलं घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विरोधातल्या बाईच्या घरी जाऊन पेढा खाऊन आली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पडल्यावर कसं वागायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मोजणीनंतर चौथ्या दिवशी नेत्यांचा माणूस कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आला. निवडणूक खर्चाचा हिशोब निकालापासून तीस दिवसांत द्यायचा असतो. म्हणजे १७ फेब्रुवारीपर्यंत. तो म्हणाला, सगळ्या पॅनलचा हिशोब आम्ही एकत्र देतो, तुम्ही फक्त सह्या करा. लेक म्हणाली, माझी बिलं माझ्याकडे आहेत, मीच जाऊन देते. तिचे वडील म्हणाले, नेत्यांवर अविश्वास दाखवू नकोस. मीही म्हटलं, दे गं सह्या. तिने दिल्या. बिलंही दिली. झेरॉक्ससुद्धा ठेवली नाही. झेरॉक्स मशीन आमच्याच दूध केंद्रावर होतं. आजही त्या मशीनकडे बघितलं की पोटात तुटतं.

ऑगस्टमध्ये नोटीस आली. खर्चाचा हिशोब मिळाला नाही, खुलासा करा. लेक तेव्हा पुण्यात एम.ए.च्या परीक्षेत होती. नोटीस तिच्या वडिलांनी सही करून घेतली आणि घडी करून थेट नेत्यांकडे नेली. नेते म्हणाले, "असल्या नोटिसा सगळ्यांना येतात, माझा वकील बघेल. पोरीला परीक्षेत त्रास देऊ नका." किती काळजीने म्हणाले! आम्हाला बरं वाटलं. लेकीला आम्ही सांगितलंसुद्धा नाही. २०२२ च्या डिसेंबरात आदेश आला: मुदतीत हिशोब नाही, खुलासा नाही, पाच वर्षांसाठी अपात्र.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले, तो दिवस. लेक आणि मी तालुक्याला गेलो. फाइल बघायला अर्ज केला. टेबलावरच्या बाईंनी फाइल उघडली, आमच्या गावाची यादी काढली. नावापुढे रकाने होते: हिशोब दिल्याची तारीख, आवक क्रमांक. नेत्यांच्या सूनबाई: १५ फेब्रुवारी, आवक क्रमांक, बिलं जोडलेली, बँकेचा उतारा जोडलेला. त्यांच्या पुतण्याचं नाव: तीच तारीख, लगतचा क्रमांक. त्यांच्या भाच्याचं: तीच तारीख. खाली माझ्या लेकीचं नाव, रकाना कोरा. आणखी एका पडलेल्या पोराचं नाव, तोही रकाना कोरा.

एकत्र देतो म्हणाले होते. एकत्र दिलेच होते. फक्त त्या एकत्रमध्ये आम्ही नव्हतो.

लेक रडली नाही. तिने यादीतले क्रमांक वहीत उतरवले, जसे कधी मामाच्या घरी फेऱ्यांचे आकडे उतरवले होते. मला उभं राहवेना, मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. विसरले असते तर सगळ्यांचंच विसरले असते. घरच्या माणसांचे कागद नेऊन दिले, तेव्हा आमचे कागद त्याच गठ्ठ्यात होते. ते बाजूला काढायला कुणाचा तरी हात लागला होता.

त्याच संध्याकाळी मी एकटी नेत्यांच्या घरी गेले. चहा आला. मी यादीचं सांगितलं. ते जराही चपापले नाहीत. म्हणाले, "अहो वहिनी, पडलेल्या उमेदवाराच्या हिशोबाला कोण विचारतं? राहून गेलं असेल पोरांकडून. आणि पाच वर्षांचं एवढं काय? तोवर तिचं लग्न उरकून टाका." शेजारी सूनबाई बसल्या होत्या, त्या तेवढ्या खाली बघत होत्या. पैशाचं विचारलं तर म्हणाले, कसले पैसे? कुणाकडे दिले? पोच आहे का?

दादाचा शब्द मला त्यांच्या तोंडून ऐकावा लागला.

लोक मला सांगतात, जाऊ द्या, राजकारण असंच असतं. मी हे मान्य करत नाही. कायदा सरळ होता, मुदत सरळ होती, कार्यालयातल्या बाईंनी पाच मिनिटांत फाइल दाखवली. वाकडा होता तो एक माणूस, आणि आमचे कागद आम्हीच त्याच्या हातात दिले.

आता ज्यांच्या घरात असं पोर आहे, मुलगा असो वा मुलगी, त्यांच्यासाठी लिहिते.

पोराला ग्रामसभेपासून सुरुवात करू द्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या चार सभा तर पाठच असाव्यात. गावाचा विकास आराखडा, वित्त आयोगाचा निधी, ठरावांचं पुस्तक, हे त्याने वाचलं पाहिजे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिता आला पाहिजे. पुढाऱ्याच्या गाडीमागे फिरून यातलं काही येत नाही. आमच्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, एम.कॉम. शिकून गावात परतलेले. आर. आर. पाटील १९७९ मध्ये जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि विधानसभेत पोचायला १९९० उजाडलं. अकरा वर्षं. ज्याला घाई आहे त्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

कागद निवडणुकीच्या वर्षभर आधी बघा. ग्रामपंचायतीला वय एकवीस पूर्ण हवं, विधानसभेला पंचवीस. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सातवी पास असावं लागतं. गावच्या मतदार यादीत नाव आहे का, नाव-आडनाव दाखल्याप्रमाणे आहे का, ते प्रत्येक वेळी यादी निघाली की तपासा. घरपट्टी, पाणीपट्टी भरून पावत्या ठेवा. सरकारी जागेत अतिक्रमण असेल तर पद जातं, आणि ते घरच्या माणसाने केलेलं असलं तरी जातं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. गोठ्याची भिंत गायरानात नाही ना, हे आम्ही आधी मोजून घेतलं होतं. म्हणजे बघा, अवघड ते सांभाळलं आणि सोपं ते हातून गेलं. राखीव जागा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राच्या मागे आधीपासून लागा. निवडून आल्यावर मुदतीत ते दिलं नाही म्हणून खुर्ची गेलेले लोक गावोगाव आहेत. वयाने मोठ्या उमेदवारांसाठी आणखी एक: १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर दार बंद.

खर्चाचं नीट ऐका. निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं काढा आणि सगळा खर्च त्यातूनच करा. ज्या दिवशी खर्च त्याच दिवशी बिल आणि त्याच दिवशी नोंद. झेंडे, मंडप, रिक्षा, चहा, सगळं. पडलात तरी, अनामत गेली तरी, शंभर रुपये खर्च झाला असला तरी हिशोब द्यायचा. उमेदवाराने स्वतः जायचं, दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक घेऊन यायचं. पॅनलने कितीही गळ घातली तरी कोऱ्या कागदावर सही नाही. तिसावा दिवस कॅलेंडरवर लाल करा आणि विसाव्या दिवशीच काम संपवा.

नोटीस आलीच, तर उत्तर उमेदवाराने द्यायचं. मुदतीत द्यायचं, योग्य कारण आणि पुरावे जोडून. कारण पटलं तर अपात्रता टळू शकते, आणि झालेली अपात्रता कमी करायचा किंवा काढून टाकायचा अधिकारही कायद्याने निवडणूक आयोगाला दिला आहे. आम्ही खुलासाच केला नाही, मग आमचं म्हणणं कुणी ऐकायचं? आणि पोराच्या नावाची नोटीस पोरापासून लपवू नका, परीक्षा असली तरी. हे सगळ्यांत मनापासून सांगते. ज्याला उद्या गावाची काळजी वाहायची आहे, त्याला आज स्वतःची नोटीस वाचता आली पाहिजे. आम्ही मायेने लपवली. तिने आम्हाला त्याबद्दल एका शब्दाने दुखावलं नाही, म्हणून तर ते जास्त टोचतं.

पैशाची मर्यादा घरात बसून ठरवा आणि बाहेर सांगू नका. दागिने, जमीन, शिक्षणाचे पैसे यांना हात लावायचा नाही. पोराला पोटापाण्याचं स्वतःचं साधन असू द्या, नाहीतर तो कुणाच्या तरी तुकड्यावर जगेल आणि त्याच्याच घोषणा देईल. पदवी पूर्ण झाल्याशिवाय पूर्णवेळ उडी नको.

मुलगी असेल तर रात्रीच्या बैठकांना घरचं माणूस सोबत जावं. तिच्या वतीने बोलायला मात्र घरच्याने पुढे होऊ नये. निम्म्या जागा बायकांच्या, पण सही तिची आणि निर्णय दुसऱ्याचा, असं आमच्या भागात किती ठिकाणी चालतं, ते सगळ्यांना दिसतं. ज्या सूनबाई त्या दिवशी खाली बघत होत्या, त्यांना पाच वर्षांत ग्रामसभेत एकदाही बोलताना मी ऐकलं नाही. माझ्या लेकीचा रकाना कोरा ठेवून त्यांच्यासाठी जी वाट मोकळी केली, तीही त्यांची नव्हतीच.

बाकी नेहमीचं: गोड बोला, रोज पेपर वाचा, कुणाशी कायमचं वैर धरू नका, हार पचवायला शिका. हे कुणीही सांगेल.

लेक आज सत्तावीस वर्षांची आहे. लग्नाचं तिचं ती ठरवेल. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याच तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, लहान मुलंही गेली. त्यानंतर शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून तिने आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या सह्या गोळा केल्या. रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याच्या घरी बायको दारात उभी राहते, हे तिला माहीत आहे. अर्ज घेऊन ती स्वतः गेली. परत आली तेव्हा पिशवीतून प्रत काढून तिने माझ्यापुढे धरली. शिक्का, तारीख, क्रमांक. मी काही विचारायच्या आत.

२०२१ ला निवडून आलेल्यांची पाच वर्षं सरली आहेत. तिची अपात्रता २०२७ च्या डिसेंबरात संपते. त्याआधी निवडणूक लागली तर मतपत्रिकेवर तिचं नाव नसेल, नंतर लागली तर असेल. पाटल्या अजून गहाणच आहेत.

"पोर आपली आहे" म्हणणारे तुमच्याही ओट्यावर येतील. चहा द्या, मान द्या. पण पोराचा एकही कागद, एकही रुपया, एकही सही त्यांच्या हातात पोच घेतल्याशिवाय देऊ नका. जो खरंच तुमच्या पोराचं भलं चिंततो, तो पोच द्यायला रागावणार नाही.